केडगांवचें मुक्तिसदन व पंडिता रमाबाई

पुण्याहून सोलापुराकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, दौंडाच्या अलीकडे, केडगांव नांवाचें स्टेशन लागतें. पुण्यापासून तें सुमारें 34 मैल आहे. शिरूर तालुक्यांतील केंदूर, पाबळ, शिक्रापूर ह्या बाजूच्या मंडळीस तेथें जावयाचें झाल्यास भीमा ओलांडावी लागते. तरी केडगांवचें नांव ज्याच्या कानावरून कधींच गेलें नाहीं असा वृद्ध ख्रिस्ती मनुष्य आमच्या खेड्यांत विरळाच. कोणाची आजी तेथें वाढली, कोणाची आत्या तेथें लिहिणें शिकली, कोणाच्या घरांत तेथें छापलेलें पवित्र शास्त्र आहे. परंतु ती वस्ती कोणीं व कां वसविली ह्याची माहिती आतां तरुण मंडळीस फारशी नसते. म्हणून ती थोडक्यांत येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ह्या भागांत मिशनचें जुनें ठाणें म्हटलें म्हणजे शिरूर. घोडनदीच्या कांठीं इंग्रजांची छावणी होती, आणि 1809 सालीं तेथें वारलेल्या कर्नल वॉलेस ह्यांच्या कबरेस आसपासचे लोक सत्पुरुषाची समाधि म्हणून मान देत आले. पुढें अमेरिकन मराठी मिशननें तेथें मंडळी स्थापिली व मुलांस हातचे धंदे शिकविणारी शाळा चालविली. परंतु शिरूर हें फौजेमुळें नांवारूपास आलेलें गांव. केडगांवची ख्रिस्ती वस्ती दुष्काळामुळें वसली, आणि ती वसविणारी बाई स्वतः दुष्काळांतून वांचलेली होती. हें लक्षांत ठेविल्यावांचून त्या ठिकाणचा इतिहास कळावयाचा नाहीं.

पंडिता रमाबाईंचा जन्म ता. 23 एप्रिल 1858 रोजीं सह्याद्रीवरील गंगामूळ नांवाच्या अरण्यांत झाला. त्याच सालीं पुण्यापासून दिकसाळपर्यंतची आगगाडी सुरू झाली, आणि पुढें ज्या मार्गानें रमाबाईंनीं शेंकडों अनाथ मुली आणिल्या तो मार्ग हाच. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण असून संस्कृताचे मोठे पंडित होते. तरुणपणीं पुण्यास असतां आपले गुरु पेशव्यांच्या वाड्यांत राणीसाहेबांस संस्कृत शिकवितात असें त्यांनीं पाहिलें, व आपल्याही घरच्या स्त्रीस ही विद्या द्यावी असें त्यांच्या मनानें घेतलें. त्यांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला शिकविण्यास आरंभ केला. जातभाईंस तें रुचलें नाहीं. तेव्हां शास्त्रीबोवा रानांत जाऊन राहिले व तेथें पाठशाळा मांडून बसले. त्याच लक्ष्मीबाईंनीं पुढें पहांटेच्या प्रहरीं आपल्या धाकट्या मुलीस मांडीवर घेऊन श्लोक शिकविले.

आल्यागेल्याचें आदरातिथ्य करितां करितां शास्त्रीबोवांची मिळकत संपली. रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या असतां सर्व कुटुंब तीर्थयात्रेस निघालें. मुलीस वेताच्या पेटाऱ्यांत घालून एका माणसाच्या डोक्यावर दिलें, आणि तेथून सोळा वर्षें हें कुटुंब देवळोदेवळीं पुराण सांगत फिरलें. केंदूर येथें संत कान्हूराज पाठकांच्या देवळांत बसून पुराण ऐकणारे लोक आमच्या वाचकांनीं पाहिले असतील; पुराणिकापुढें श्रोते दक्षिणा ठेवितात, त्यावर त्याचा निर्वाह चालतो. डोंगरे कुटुंबाचा निर्वाह असाच चाले. सुबत्तेच्या दिवसांत तो बरा चालला. मग मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला.

विद्वान् ब्राह्मणाच्या घरांत अंगमेहनतीचें काम कोणास येत नव्हतें, आणि भीक मागण्याची लाज वाटे. जें द्रव्य शिल्लक होतें तें देवांस व ब्राह्मणांस दान केलें, कीं त्या पुण्यानें संकट टळावें. तें टळलें नाहीं. भांडीं गेलीं, वस्त्रें गेलीं, शेवटीं रानांतला पाला खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. वडील आंधळे झाले होते. ते 1874 सालीं वारले. त्यांस पोंचविण्यास कोणी पुढें येईना, म्हणून थोरला मुलगा श्रीनिवास ह्यानें प्रेत वस्त्रांत बांधून एकट्यानें वाहून नेलें. थोड्याच काळानें आई गेली. तिच्या वेळीं दोन ब्राह्मण दया येऊन आले. चौथा खांदा रमाबाईंनीं दिला. त्या अंगानें ठेंगण्या असल्यामुळें खांद्यावर भार पेलेना, तेव्हां तो त्यांनीं डोक्यावर घेतला. मग वडील बहीणही गेली.

भाऊ व बहीण उरलीं. पायांत जोडा नाहीं, अंगावर पांघरूण नाहीं, अशा स्थितींत त्यांनीं काश्मीरापासून आसामापर्यंत देश पायांखालीं घातला. नदीच्या वाळूंत खड्डा करून त्यांत गळ्यापर्यंत वाळू ओढून घेऊन थंडीच्या रात्री काढिल्या. ह्या प्रवासांत त्यांचा मूर्तींवरचा व तीर्थांवरचा भरंवसा हळूहळू उडाला. 1878 सालीं तीं कलकत्त्यास पोंचलीं. वीस वर्षांची मुलगी संस्कृतांत बोलते, भागवत मुखोद्गत म्हणते, हें पाहून तेथील पंडितांनीं तिची परीक्षा घेतली व तिला पंडिता आणि सरस्वती ह्या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेनांनीं तिच्या हातीं वेद दिले, जे वाचण्याचा अधिकार स्त्रीस नाहीं असें ती आजवर ऐकत आली होती.

1880 सालीं श्रीनिवास वारला. त्याच सालीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी दास मेधावी ह्या वकिलाशीं नोंदणीपद्धतीनें विवाह केला. ते जातीनें शूद्र गणलेले, म्हणून दोन्हीं बाजूंच्या लोकांनीं तोंड फिरविलें. 1881 च्या एप्रिलांत मुलगी मनोरमा झाली. पुढील फेब्रुवारींत पटकीनें पतीचा अंत झाला. चोवीस वर्षांच्या आंत ह्या बाईंनीं आई, बाप, बहीण, भाऊ व पति ह्या सर्वांस मूठमाती दिली, आणि कडेवर एक तान्हें मूल घेऊन त्या 1882 सालीं पुण्यास परत आल्या.

पुण्यास त्यांनीं आर्य महिला समाज काढिला, स्त्रीधर्मनीति हें पुस्तक लिहिलें, आणि हंटरसाहेबांच्या शिक्षणमंडळापुढें साक्ष देऊन स्त्रियांस स्त्रीवैद्य व स्त्रीशिक्षक किती अवश्य आहेत हें सांगितलें. तेथेंच त्यांची ख्रिस्ती लोकांशीं ओळख झाली. वैद्यकी शिकावी म्हणून त्या 1883 सालीं इंग्लंडास गेल्या. परंतु कानांनीं ऐकूं कमी येऊं लागल्यामुळें तो बेत सोडावा लागला. वाँटेज गांवीं ख्रिस्ती भगिनींच्या मठांत त्या राहिल्या. त्या भगिनी पतित स्त्रियांस घृणेनें दूर न लोटतां घरांत घेतात, शिकवितात, माणसांत आणितात, हें त्यांनीं पाहिलें. असें वर्तन शिकविणारा धर्म कोणता, ह्या शोधांत त्यांनीं योहानाच्या शुभवर्तमानांतील शोमरोनी बाईची गोष्ट वाचली. ता. 29 सप्टेंबर 1883 रोजीं त्यांनीं मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तथापि आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला खरा, पण ख्रिस्त मिळण्यास आणखी आठ वर्षें लागलीं, असें त्या पुढें सांगत असत. बाप्तिस्मा झाला म्हणजे सर्व झालें असें समजणाऱ्या कोणाही मनुष्यास आमच्या उपदेशक बंधूंनीं ही गोष्ट अवश्य सांगावी.

1886 सालीं आनंदीबाई जोशी फिलाडेल्फिया येथें डॉक्टर झाल्या, त्या समारंभास रमाबाई अमेरिकेस गेल्या व तेथें दोन वर्षांहून अधिक राहिल्या. उच्च जातीच्या हिंदु स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजींत पुस्तक लिहून व गांवोगांव व्याख्यानें देऊन त्यांनीं विधवांच्या शाळेसाठीं पैसा उभा केला. ता. 11 मार्च 1889 रोजीं मुंबईंत शारदासदन उघडलें, आणि पुढल्या सालीं तें पुण्यास आणिलें. तेथील पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नांवाची एक बालविधवा होती. तीच पुढें धोंडो केशव कर्वे ह्यांची पत्नी झाली. ह्या शाळेंत कोणास धर्म सोडावयास सांगावयाचें नाहीं असा करार होता, व रमाबाईंनीं तो पाळिला. मात्र त्या स्वतः प्रार्थना करीत तेव्हां आपल्या खोलीचें दार लावून घेत नसत. ज्या मुलींस यावेंसें वाटे त्या येऊन बसत. ह्या उघड्या दारावरून 1893 सालीं पुण्यांत मोठें वादळ उठलें. वर्तमानपत्रांनीं झोड उठविली, रानडे व भांडारकर ह्यांच्यासारख्या सल्लागारांनींही अंग काढून घेतलें, आणि पुष्कळ मुली पालकांनीं घरीं नेल्या. आम्हांस वाटतें, त्या सद्गृहस्थांची अडचण खोटी नव्हती. त्यांनीं आपल्या समाजास शब्द दिला होता. पण दार लावून प्रार्थना करा असें एका विश्वासणाऱ्या बाईस सांगणें म्हणजे काय, हें गांवकुसाबाहेरच्या झोंपडींत दिवा लावून गीतें म्हणणाऱ्या आमच्या वाचकांस निराळें समजावून सांगावयास नको.

आतां केडगांवाकडे वळूं. शाळेचा खर्च परदेशच्या वर्गणीवर किती दिवस चालावा, ह्या विचारानें रमाबाईंनीं 1895 च्या सुमारास केडगांव स्टेशनाजवळ सुमारें 100 एकर जमीन घेतली. तेथें फळझाडें लावावीं व त्यांच्या उत्पन्नावर शाळा चालवावी असा त्यांचा मनसुबा होता. भीमथडीची ती जमीन ज्यांनीं पाहिली आहे त्यांस तो मनसुबा धाडसाचा वाटेल. पाऊस बेताचा, एक साल पडतो तर एक साल डोळे वटारतो. उन्हाळ्यांत नजर पोंचेल तेथवर धूळ. परंतु बाईंनीं विहिरी खणविल्या, झाडें लाविलीं, भाजीपाला केला. पुराणिकाच्या घरीं जन्मलेल्या, नांगराला कधीं हात न लागलेल्या घराण्यांतली ही मुलगी. तिला आतां मोटेचें पाणी किती पुरतें ह्याचा हिशेब करावा लागे. जें काम आपल्या आईबापांस येत नव्हतें म्हणून तीं उपाशीं मेलीं, तें काम आपल्या प्रत्येक मुलीस आलेंच पाहिजे, असा त्यांचा पुढें सर्व काळ आग्रह होता, आणि त्याचें मूळ आम्हांस येथेंच दिसतें.

झाडांस फळ धरण्यापूर्वींच 1896 चा दुष्काळ आला. मध्यप्रांतांतून बातम्या येऊं लागल्या. रमाबाईंच्या हातीं त्या वेळीं पैसा नव्हता, जागा नव्हती, आणि शारदासदन चालविणें हेंच जड होत होतें. तरी स्वतःच्या तरुणपणींचा दुष्काळ त्यांच्या डोळ्यांपुढून हालेना. त्या मध्यप्रांतांत गेल्या. अन्नछत्रें, गरिबखाने व रस्त्यांच्या कडा त्यांनीं हिंडून पाहिल्या. हाडांचे सांगाडे झालेलीं माणसें त्यांनीं पूर्वीं पाहिलीं होतीं. त्याहून भयंकर गोष्ट अशी दिसली कीं, उपाशी पोरींस भाकरीचा तुकडा दाखवून वाईट वाटेस नेणारे दुष्ट लोक त्या गरिबखान्यांच्या भोंवतीं घिरट्या घालीत होते. मग त्यांनीं पैशांची वाट पाहिली नाहीं. मुली व तरुण विधवा आगगाडींत घालून त्या पुण्याकडे पाठवूं लागल्या. अशा सुमारें 300 जणी त्यांनीं आणिल्या.

पुण्यांत त्याच वेळीं ग्रंथिज्वराची साथ होती, आणि इतकी नवी माणसें शहरांत ठेवण्यास सरकारी अधिकाऱ्यांनीं मनाई केली. तेव्हां ही सर्व मंडळी केडगांवच्या उघड्या रानांत आली. कांहींस तंबू मिळाले, कांहींस गवताच्या झोंपड्या. आलेल्या मुलींपैकीं कित्येकींच्या अंगावर खरूज व फोड, केसांत जटा, कित्येकींस अन्न पचेना. चोरी करणें, अन्न लपविणें, एकमेकींस चावणें ओरबाडणें हें रोजचेंच; उपासानें माणसाचें जनावर होतें. शारदासदनांत शिकलेल्या मुलींवर बाईंनीं एकेक गट सोंपविला. कालपर्यंत सोंवळें मानणाऱ्या घरांतल्या मुली आज कोणा अनोळखी जातीच्या पोरीचें डोकें धूत होत्या. ह्या वसतीस रमाबाईंनीं मुक्ति असें नांव दिलें.

येथें एक गोष्ट उघडपणें बोलणें भाग आहे. दुष्काळांत ख्रिस्ती झालेल्या लोकांस पोटासाठीं बाटले असा टोमणा त्या काळीं देत, व आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या आज्या-पणज्यांनीं तो ऐकिला आहे. मुक्तिसदनाच्या मुलींसही तो चुकला नाहीं. ह्यावर रमाबाईंनीं वाद घातला नाहीं. मुलींस खाऊं घालणें हें एक काम व त्यांस ख्रिस्त सांगणें हें दुसरें, अशी त्या वांटणी करीत नसत. आणि जी मुलगी निघून जाईन म्हणे तिचें पूर्वींचें जेवण मोजून दाखवीत नसत. शिवाय टोमणा देणारे स्वतः भाकर घेऊन मध्यप्रांतांत गेले नव्हते, हेंही आम्हीं लक्षांत ठेवावें. ज्या बाईचा बाप धर्माचें सर्व नियम पाळून उपाशी मेला, तिला भाकरीची किंमत पुण्याच्या वाड्यांत बसून लिहिणाऱ्यापेक्षां अधिक ठाऊक होती.

पुढें 1899 व 1900 सालीं गुजराथ व राजपुतान्यांत त्याहून मोठा दुष्काळ पडला. रमाबाईंनीं आपल्या तयार झालेल्या कार्यकर्त्या तिकडे धाडिल्या, व मुक्तीची वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली. तालुक्यांतील पुष्कळ गांवें त्या वेळीं इतकीं मोठीं नव्हतीं. रोज इतक्यांचें जेवण, पाणी, कपडे! गिरणीचें कापड घेण्यापेक्षां मुली हातमागावर विणूं लागल्या. घाण्यावर तेल निघे, गोठ्यांत दूध निघे, भट्टीवर भाकऱ्या भाजत, धुणें, शिवण, कल्हई, शेत, सर्व बायकांच्या हातीं. सकाळीं शाळा व मग काम, किंवा आधीं काम व मग शाळा. पतित स्त्रियांसाठीं कृपासदन निघालें, आंधळ्या मुलींस बोटांनीं वाचावयास शिकवूं लागले, अनाथ मुलांसाठींही जागा झाली. मनोरमाबाई अमेरिकेंत शिकून परत आल्या व आईचा उजवा हात झाल्या. विशाल उपासनामंदिर उभें राहिलें. इतक्या मोठ्या वस्तींत रमाबाई स्वतः पांढरें सुती लुगडें नेसत, शाकाहार कधीं सोडिला नाहीं, आणि मेजवानीच्या थाटापासून दूर राहत. साहेब लोकांचा पोशाख म्हणजे ख्रिस्ती धर्म असें ज्यांस वाटे त्यांस हें पाहून विचार पडे.

1905 सालीं वेल्स देशांतील आत्मिक जागृतीची वार्ता येऊन पोंचली. मुक्तींत मुलींचे गट रोज एकत्र जमून प्रार्थना करूं लागले, आणि जूनच्या अखेरीस तेथें पवित्र आत्म्याचा असा वर्षाव झाला कीं रात्रीच्या रात्री मुली पापांबद्दल रडत, मग आनंदानें गात. आवाज फार होतो, शिस्त मोडते, अशी टीका कांहीं मिशनरी मंडळींनींही केली. बाईंनीं मुलींस दाबून टाकिलें नाहीं. ह्या जागृतीनंतर मुलींच्या टोळ्या भोंवतालच्या गांवांत शुभवर्तमान सांगावयास जाऊं लागल्या, आणि भीमेच्या दोन्हीं कांठच्या कित्येक खेड्यांत ख्रिस्ताचें नांव पहिल्यानें एखाद्या दुष्काळपीडित मुलीच्या तोंडून ऐकूं आलें.

आतां त्यांचें शेवटचें मोठें काम. मराठी पवित्र शास्त्र होतेंच. परंतु त्यांतील संस्कृत शब्द मुक्तीच्या मुलींस कळत नाहींत असें रमाबाईंस आढळलें. शिवाय पुष्कळ शब्दांस जुन्या देवधर्माचा वास चिकटलेला आहे, आणि तो वाचणाराच्या मनांत भलताच अर्थ उत्पन्न करितो, असें त्यांचें मत होतें. हें मत संस्कृतांत वाढलेल्या पंडितेचें होतें, म्हणून त्याला वजन आहे. वयाच्या पन्नाशीच्या सुमारास, कान जवळ जवळ गेलेले असतां, त्या इब्री व ग्रीक भाषा शिकल्या व मूळावरून सोप्या मराठींत भाषांतर करूं लागल्या. छापखाना मुक्तींतच. खिळे जुळविणाऱ्या मुली दुष्काळांतून आलेल्या. मराठीच नव्हे तर इब्री व ग्रीक अक्षरेंही त्या जुळवूं लागल्या. आमच्या मतें हें भाषांतर सर्वत्र सारखें साधलें नाहीं. ओळखीचा शब्द टाळण्याच्या भरांत वाक्य कोठें कोठें खडबडीत झालें आहे, आणि मंडळ्यांच्या उपासनेंत तें रूढ झालें नाहीं. तरी संपूर्ण पवित्र शास्त्राचें भाषांतर एकट्या स्त्रीनें मूळ भाषांवरून करावें, ही गोष्ट जगांत फार थोड्या ठिकाणीं घडली आहे. आणि तें खेड्यांतल्या अडाणी बाईसाठीं केलें, विद्वानांच्या शाबासकीसाठीं नव्हे.

1919 सालीं सरकारनें त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिलें. 1921 च्या जुलईंत मनोरमाबाई चाळीस वर्षांच्या वयांत वारल्या. ज्या मुलीस कडेवर घेऊन त्या एकट्या राहिल्या होत्या, जिच्या हातीं काम सोंपवून आपण डोळे मिटावे असें ठरविलें होतें, तीच आधीं गेली. बाई त्या वेळीं स्वतः आजारी होत्या. त्यांनीं मुद्रितें तपासण्याचें काम थांबविलें नाहीं. तें हातावेगळें झालें, आणि ता. 5 एप्रिल 1922 रोजीं झोंपेंत त्यांस प्रभूनें बोलाविलें. त्यांचें शरीर केडगांवच्याच मातींत ठेविलें. संपूर्ण पवित्र शास्त्र त्यांच्यामागें, 1924 सालीं, बाहेर पडलें.

भारत सरकारनें 1989 सालीं त्यांच्या नांवाचें टपाल तिकीट काढिलें. ज्या पुण्यांत त्यांच्याविरुद्ध लेखांवर लेख निघाले, तेथेंही आतां त्यांचें चरित्र आदरानें वाचितात.

मुक्तिसदनाचें काम आजही चालू आहे. निराधार स्त्रिया व मुलें तेथें राहतात. शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे जाणारी सडक केडगांवावरूनच जाते. त्याच स्टेशनावर नारायण महाराजांच्या बेटाकडे दत्तदर्शनास जाणारे लोकही उतरतात, म्हणून सणावारीं गर्दी असते. मंडळीच्या सहलीस जाणाऱ्यांनीं तेथील व्यवस्थापकांस आधीं पत्र लिहून परवानगी घ्यावी, कारण तें राहतें घर आहे, पाहण्याची नुसती जागा नव्हे. मोठें मंदिर पाहावें, बाईंची कबर पाहावी, आणि वेळ असल्यास रमाबाईंच्या भाषांतराची जुनी प्रत मागून योहानाचा चवथा अध्याय काढावा. विहिरीवर आलेली ती शोमरोनी बाई तेथें आपल्याच वस्तींतल्या बाईसारखें बोलते.